प्रश्न तुमचे: कराओकेचे होस्ट टिकवायचे कसे?

प्रश्न: इंदिरानगरहून माझा कराओकेचा व्यवसाय चालतो. दोन संच आहेत. लग्नातलं संगीत, एकसष्टी, सोसायटीचा गणपती, गंगापूर रोड आणि इगतपुरीकडच्या रिसॉर्टमधल्या पार्ट्या अशी कामं येतात. एकाच रात्री दोन कार्यक्रम आले की बाहेरचे होस्ट बोलावतो. कार्यक्रमाचे साधारण 12,000 घेतो, होस्टला 2,000 देतो, तेही पार्टीकडून पैसे सुटले की. गेल्या लग्नसराईत दोन चांगले होस्ट सोडून गेले. त्यातल्या एकीने माझ्याच गिऱ्हाइकाचं काम परस्पर घेतलं. नव्या लोकांकडून बॉण्ड लिहून घ्यावा का? आणि पैसे किती वाढवावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमच्या पत्रातलं मला सर्वांत खटकलं ते 2,000 नाही, ‘पार्टीकडून पैसे सुटले की’ हे आहे. होस्टचा व्यवहार पार्टीशी झालेला नाही, तुमच्याशी झालाय. पार्टीने पैसे थकवले तर तो धोका तुमचा, आणि तो घेता म्हणूनच मोठा वाटा तुमच्याकडे राहतो. आपल्या नाटकवाल्यांकडे ‘नाइट’ची पद्धत आहे: प्रयोग झाला, पाकीट हातात. पंचवटीत साउंडचं दुकान सांभाळताना मी तीच धरून ठेवली आहे. वायरी गुंडाळून व्हायच्या आत होस्टच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज वाजलाच पाहिजे. त्यासाठी पार्टीशी बोलणं बदलावं लागेल. तारीख धरताना निम्मा विसार, उरलेले साउंड तपासून झाल्यावर, पहिलं गाणं लागायच्या आधी. लग्नघरात पैसे मागायला संकोच होतो, पण केटरर आणि मांडववाले मागतातच, आणि त्यांना कोणी वाईट म्हणत नाही.

आता रक्कम. देवळाली कॅम्पमधल्या एका एकसष्टीत माझ्याकडची एक मुलगी होस्ट होती. उत्सवमूर्ती काका माइक हातात घेऊन उभे राहिले आणि ध्रुवपदालाच आवाज चिरकला. सगळं नातेवाईक मंडळ समोर. तिने ट्रॅक थांबवला, ‘काका, ट्रॅक जरा उंच लागला, माझ्याकडून राहिलं’ असं माइकवरच म्हणाली, आणि लॅपटॉपवर काळी तीनचा ट्रॅक पांढरी तीनवर, म्हणजे थोड्या खालच्या पट्टीत, आणून पुन्हा लावला. इको थोडा कमी केला आणि दुसऱ्या माइकवर मागून हळूच सूर धरला. काका तीन कडवी पूर्ण गायले. नंतर काकूंनाही गायचं होतं, हे तिनेच ओळखलं, आणि एका जावयाने पाचव्यांदा चिठ्ठी पाठवली तेव्हा ‘तुमचा नंबर सहा जणांनंतर’ असं हसून सांगितलं. त्या घरातून पुढे मुंजीचं काम आलं. ते माझ्या स्पीकरमुळे आलेलं नाही. तसेच स्पीकर नाशकात द्वारका चौकापासून सातपूरपर्यंत कोणीही भाड्याने देईल.

म्हणून 12,000 च्या कामात 2,000 फारच थोडे झाले. टेम्पो आणि मदतनिसाचे दोन हजार धरा, संचाच्या झिजेचे दीड हजार धरा. होस्टला 3,500 ते 4,000 दिले तरी तुमच्याकडे साडेचार-पाच हजार राहतात. लॅपटॉप, ट्रॅक किंवा माइक होस्टचे असतील तर त्याचं भाडं वेगळं द्या, मानधनात मिसळू नका. जादा वेळेचा दर पार्टीला आधीच सांगा आणि त्यातला मोठा हिस्सा होस्टला द्या, कारण घसा त्याचा लागतो. उघड्या लॉनवर मात्र रात्री 10 नंतर स्पीकर बंद, हे कायद्याचं बंधन आहे. ‘अजून एकच गाणं’ म्हणणाऱ्या यजमानाला हे सांगायची पाळी होस्टवर आणू नका. बुकिंगच्या वेळी तुम्हीच सांगून ठेवा.

इगतपुरीच्या कामाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. रात्री कार्यक्रम संपतो, पावसाळ्यात महामार्गावर धुकं असतं, आणि आपण होस्टला ‘बाइकवर ये’ म्हणतो. असं करू नका. येण्याजाण्याची गाडी तुमची, किंवा रिसॉर्टकडून खोली मिळवा आणि ते बुकिंगमध्येच लिहून घ्या. जेवणाचंही तसंच. पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत उपाशी उभा असलेला होस्ट गोड बोलणार कसा? बायका-मुलींच्या बाबतीत तर सुखरूप घरी पोहोचल्याचा फोन आल्याशिवाय तुम्ही झोपायचं नाही.

बॉण्डचा नाद सोडा. ‘आमचं काम सोडल्यावर इतकी वर्षं नाशकात दुसरीकडे काम करणार नाही’ असली अट भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 पुढे टिकत नाही. आणि जी बाई तुमच्याकडे पैशांची वाट बघत बसली, तिने समोरून आलेलं काम घेतलं यात मला फार नवल वाटत नाही. त्यापेक्षा असं ठरवा: कार्यक्रमात कोणी नंबर मागितला तर होस्टने तुमचं कार्ड द्यायचं, आणि त्यातून काम आलं की बिलाच्या 10 टक्के त्या होस्टला, कार्यक्रम दुसऱ्या कोणी केला तरीही. हे 10 टक्के न मागता द्या. दोनदा मिळाले की तिसऱ्यांदा होस्ट स्वतःहून फोन करतात.

माणूस तुटतो तो मात्र आषाढापासून. लग्नं नाहीत, पितृपक्षात तर काहीच नाही. त्या दिवसांसाठी ज्येष्ठ नागरिक संघांचे गाण्याचे कट्टे, शाळांचे माजी विद्यार्थी मेळावे, अंबड-सातपूरच्या कंपन्यांचे कौटुंबिक दिवस अशी छोटी कामं कमी नफ्यात घ्या आणि आपल्या पक्क्या होस्टना द्या. कोजागरी आणि 31 डिसेंबरच्या तारखा आधी त्यांनाच विचारा. ‘या हंगामात किमान इतक्या तारखा माझ्याकडून’ असा शब्द देता आला तर द्या, पण मग पाळा.

हिशेबाचं थोडक्यात. जीएसटी नोंदणीची वर्षाला 20 लाखांची मर्यादा मोजताना पूर्ण 12,000 धरायचे, होस्टचे वजा करून नाही. दर कार्यक्रमाची होस्टकडून सही घेतलेली पावती आणि पॅन ठेवा. आणि बाहेरचा होस्ट बाहेरचाच राहू द्या. त्याला तारीख नाकारता आली पाहिजे. रोज दुकानात बसवून स्पीकर पुसायला लावायचे असतील तर सरळ पगारावर ठेवा.

प्रश्न: मी नाशिकरोडला राहते, तीन-चार जणांसाठी होस्टचं काम करते. आदल्या संध्याकाळी कार्यक्रम रद्द झाला. त्या तारखेसाठी मी दुसरं काम सोडलं होतं. मालक म्हणतात, काम झालंच नाही तर पैसे कसले?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: तारीख धरली, तिथेच तुमचं निम्मं काम झालं. त्यांनी पार्टीचा विसार ठेवून घेतला असणार, त्यातला वाटा मागा, भांडून नाही, पण स्पष्ट शब्दांत. पुढच्या वेळी तारीख घेतानाच व्हॉट्सअॅपवर चार ओळी पाठवा: जागा, वेळ, मानधन, आणि ‘दोन दिवसांच्या आत रद्द झाल्यास निम्मे, त्याच दिवशी रद्द झाल्यास पूर्ण’. त्यांचं ‘हो’ आलं की मगच दुसऱ्या मालकाला नाही म्हणा.