कोजागिरीच्या गच्चीवर जर्मन बटाटा

प्रश्न : ताई, माझी भाची म्युनिचला शिकते. यंदा कोजागिरीला ती सांगलीत आहे आणि सोसायटीच्या गच्चीवर भेळेऐवजी तिकडचं कोमट बटाट्याचं सॅलड करायचं तिने मनावर घेतलंय. वीसेक माणसं असतील. रविवारी घरी करून पाहिलं तर बटाट्याचा पार लगदा झाला आणि आंबटपणा नुसता वरवर राहिला. शिवाय जिथे बघावं तिथे कृतीत बेकन, ते आमच्याकडे चालत नाही. आणि शेवटी मसाला दूध आहे, ते या आंबटावर चालेल का? सासूबाईंना ते पटत नाही.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बटाटे कुकरला लावले होते ना? शिट्ट्या वड्याच्या बटाट्याला ठीक. इथे पातेलंच हवं. बटाटे सालासकट, गार पाण्यात मीठ घालून चढवा आणि मंद उकळू द्या. मध्यम आकाराला २० ते २५ मिनिटं पुरतात. सुरीचं टोक सहज आत गेलं की लगेच उतरवा.

बटाटाही बघून घ्या. कोजागिरीच्या सुमारास आमच्या साताऱ्याच्या मंडईत पुसेगाव-खटाव भागातला खरिपाचा नवा बटाटा येऊ लागतो. नखाने साल निघते, आत ओलसर असतो, शिजला तरी फोड धरून राहतो. तुमच्या मंडईत मिळाला तर तोच घ्या. शीतगृहातला जुना बटाटा गोडसर लागतो, तो नको. शंका असेल तर ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून त्यात एक कच्चा बटाटा सोडा. बुडला तर पिठूळ, त्याचे वडे करा. तरंगला तर सॅलडचा.

आता आंबटपणाचं. बटाटा गरम असतानाच रस पितो, निवला की पीत नाही. म्हणून हात भाजले तरी चालतील, फडक्यात धरून गरमच सोला, पातळ चकत्या करा आणि लगेच त्यावर गरम आंबट पाणी ओता. तेल मात्र सगळ्यात शेवटी. आधी तेल घातलं की चकत्यांवर त्याचा थर बसतो आणि आंबट बाहेरच राहतं. तुमच्याकडे या दोन्हीपैकी एक काहीतरी झालं असणार. व्हिनेगर उकळत्या पाण्यात घालायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका, आंबटात बटाटा लवकर शिजत नाही.

१ किलोला प्रमाण असं : भाज्यांचं गरम सूप (कसं ते खाली सांगते) सव्वा ते दीड वाटी, व्हिनेगर ४ मोठे चमचे, साखर १ लहान चमचा, मीठ, मिरपूड, एक बारीक चिरलेला कांदा. कांदा थोड्या तेलात फक्त मऊ करा, लाल नको. त्यावर सूप आणि व्हिनेगर ओतून एक उकळी आणा, आच बंद करून मग फेसलेली मोहरी मिसळा. चकत्यांवर ओतून झाका, अर्धा तास हात लावू नका. भांड्यात बराच रस दिसेल, घाबरून निथळू नका, बटाटा तो ओढून घेतो. शेवटी ३-४ चमचे सूर्यफुलाचं तेल घालून हलक्या हाताने खालीवर करा. घाण्याचं शेंगतेल मला इथे आवडत नाही, सगळ्यांच्या वर बोलतं. वीस माणसांना, बाकीचं खाणं असेल तर, ३ किलो बटाटे भरपूर.

जर्मन मोहरीची बाटली शोधत फिरू नका. आपण रायत्याला मोहरी फेसतो तशी फेसा, पण गार पाण्यात. गरम पाण्यात तिचा झणका मरतो. नाकात झिणझिण्या आल्या की थोडं व्हिनेगर घालून ठेवा.

बेकनचं ओझं घेऊ नका. बेकनच्या चरबीतलं गोड-आंबट सॅलड हे अमेरिकेत जर्मन म्हणून फार चालतं. जर्मनीत उत्तरेकडे बरेचजण मेयोनेज घालतात, दक्षिणेकडे, म्हणजे तुमच्या भाचीच्या बाजूला, सूप-व्हिनेगरचं. ते सूप तिथे बहुधा मांसाचं असतं. तुम्ही गाजर, कांदा, कोबीचा दांडा, कोथिंबिरीच्या काड्या, मिरे आणि तमालपत्र उकळून गाळून घ्या. धुराचा वास हवाच असेल तर तयार सॅलडला कोळशाची धुरी द्या, मिनिटभरच. (बटाटा तसा जर्मनीलाही बाहेरूनच गेलेला. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाने १७५६ साली बटाटे लावायचा हुकूम काढला होता. पॉट्सडॅमला त्याच्या थडग्यावर लोक अजून बटाटे ठेवतात. भाची गेली असेल तर विचारा.)

गच्चीवर नेताना पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा, पुन्हा गॅसवर चढवू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात सांगलीत ते कोमट राहायला फार कष्ट नाहीत. पण दोन तासांत संपवा. आणि दुधाचं म्हणाल तर सॅलड आठला वाढा. दूध चंद्र डोक्यावर आल्यावरच प्यायचं ना? मधे गाणी, भेंड्या, गप्पा. सासूबाईही काही म्हणणार नाहीत.

प्रश्न : आमच्या मजल्यावर दोन जैन कुटुंबं आहेत. बटाटा, कांदा दोन्ही नाही. त्यांच्यासाठी काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कच्ची केळी सालासकट वाफवा, सोलून चकत्या करा आणि हाच रस घाला. कांदा अर्थातच नाही आणि सुपातूनही कांदा-गाजर वगळा. व्हिनेगर आंबवलेलं म्हणून काहीजण टाळतात, तिथे लिंबू. सगळ्यांचे नियम सारखे नसतात, विचारूनच करा. चातुर्मासात बरेचजण सूर्यास्तापूर्वी जेवतात, म्हणजे आठची पंगत त्यांच्या कामाची नाही. डबा पाचला घरी पोचवा आणि गच्चीवर नुसतं गप्पांना बोलवा.

प्रश्न : व्हिनेगरऐवजी चिंच किंवा ताक चालेल का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : चिंचेने रंग काळपट होतो आणि चव थेट चाटकडे जाते. गरम सुपात ताक फाटेल. लिंबू चालतं, पण आच बंद केल्यावर पिळा, उकळलं तर कडवट होतं. सफरचंदाचं व्हिनेगर मिळालं तर उत्तम. साधं पांढरं वापरणार असाल तर ४ ऐवजी ३ चमच्यांनी सुरुवात करा आणि चाखून वाढवा.