बोल्ट घट्ट आहे, मग विंग का हलते?

प्रश्न: माझं ५० सीसी पेट्रोल इंजिनचं, रेडिओ कंट्रोलवर उडणारं एरोबॅटिक (कसरतीचं) मॉडेल विमान आहे, स्पॅन (विंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) २.२ मीटर, वजन ८ किलोच्या आसपास. दोन्ही विंग बॉडीतून आडव्या जाणाऱ्या ट्यूबवर सरकवून आतून नायलॉनचे बोल्ट लावतो. दोन-तीन फ्लाइट झाल्या की डावी विंग आणि बॉडीमध्ये फट दिसते आणि टोक धरून पाहिलं तर विंग किंचित फिरते पण. स्टीलचे बोल्ट टाकू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नको. बोल्ट विंगचा भार घेतच नाही, तो फक्त विंगला बाहेर सरकू देत नाही. भार घेते ती ट्यूब. हिशोब करून बघा, ८ किलोचं विमान लूपमध्ये ५ जी (वजनाच्या पाचपट जोर) खेचलं तर ४० किलो झाले, म्हणजे एका विंगवर २० किलो, आणि तो जोर रूटपासून (विंग बॉडीला मिळते तिथून) साधारण ४५-५० सेंटीमीटरवर लागतोय असं धरा. हे सगळं वाकवणं ट्यूब आणि रिबमध्ये (विंगच्या आतल्या आडव्या फळ्यांत) चिकटवलेली तिची स्लीव्ह (बाहेरची नळी) सोसतात. बोल्ट स्टीलचा केल्याने त्यात काडीचा फरक पडत नाही, उलट लँडिंगला टिप (विंगचं टोक) जमिनीला लागली की नायलॉन तुटून सुटायचं ते स्टील तुटणार नाही आणि रूट रिबच उखडून येईल.

आता फिरण्याचं. गोल ट्यूबवर विंग फिरू शकते, तिला अडवतात त्या रूटजवळच्या छोट्या पिना, ज्यांना अँटी-रोटेशन पिन म्हणतात. आणि गंमत बघा, ट्यूब आत हातभर गेलेली असते त्यामुळे ५ मिलिमीटरच्या फटीने तिला काही होत नाही, पण पीन जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर आत असते, तिच्यासाठी ५ मिलिमीटर म्हणजे जवळपास अर्धी पकडच गेली. ती पूर्ण निसटली की एका विंगचा इन्सिडन्स (बॉडीशी असलेला कोन) हवेतच बदलतो आणि विमान स्वतःहून रोल मारतं, तेव्हा स्टिकने फार काही करता येत नाही. म्हणून आधी पिनांची भोकं बघा. लंबगोल झाली असतील (मला वाटतं तीच झाली असणार) तर नुसता सुपरग्लू भरून भागणार नाही, भोक थोडं मोठं करा आणि पिनेच्या मापाचा पितळी नळीचा तुकडा इपॉक्सीने बसवा. विंग जागेवर लावूनच इपॉक्सी सुकू द्या, म्हणजे अँगल बिघडत नाही, आणि विंग बॉडीलाच चिकटू नये म्हणून मधे प्लास्टिक टाका. नंतर इन्सिडन्स मीटरने दोन्ही बाजू सारख्या आहेत का तपासा.

बोल्ट ढिला होतो तो इंजिनच्या व्हायब्रेशनने. डोक्याखाली रबरी वॉशर टाका, प्रत्येक फ्लाइटनंतर बोटाने चाचपा, पांढरा पडलेला किंवा चिरलेला बोल्ट सरळ फेकून द्या. पाना लावून पिळू नका.

प्रश्न: क्वार्टर स्केल (खऱ्या विमानाच्या पाव मापाचं) पायपर कब घेतलंय. मैदानावर दर वेळी स्ट्रट (बॉडीपासून विंगखाली जाणारी तिरपी दांडी) लावायचा कंटाळा येतो, त्याच्याशिवाय उडवलं तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: मॅन्युअल उघडा. काही किटमध्ये स्ट्रट नुसता शोभेचा असतो, काहींमध्ये तोच विंग धरून असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. खऱ्या जे-३ कबचा स्पॅन ३५ फूट ३ इंच, म्हणजे तुमचं मॉडेल साधारण २.७ मीटरचं, एवढ्या लांब विंगला मॅन्युअलने स्ट्रट लावा म्हटलंय तर कंटाळा बाजूला ठेवायचा, दुसरा पर्याय नाही. हवेत स्ट्रट ताणला जातो, जमिनीवर तोच विंगचं वजन खालून तोलतो, त्यामुळे त्याची पीन दोन्ही दिशांनी काम करते. तिला स्प्लिट पीन हवीच, टेप गुंडाळून सोडू नका.

अजून एक, जे बरेच जण विसरतात. कबला दर बाजूला पुढे एक आणि मागे एक असे दोन स्ट्रट असतात, आणि मागच्याची लांबी बदलली की विंगला पीळ पडतो. खऱ्या कबमध्ये वॉशआउट (टोकाकडे विंगचा कोन थोडा कमी ठेवणं) असाच अ‍ॅडजस्ट करतात. म्हणजे घरी बसून तुम्ही सहज म्हणून टोकाचा आटा दोन फेरे फिरवलात किंवा डावा-उजवा स्ट्रट अदलाबदल केलात, तर लँडिंगला स्पीड कमी झाल्यावर एकच विंग आधी खाली झुकेल आणि तुम्ही रेडिओला दोष देत बसाल. एकदा सेट केलं की लॉकनट आवळा आणि डावा-उजवा मार्करने लिहून ठेवा.

प्रश्न: क्लबमधले काका म्हणतात, दोघांनी दोन टिप धरून विमान उचललं आणि काही कुरकुरलं नाही तर विंग पास. खरंय का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर: काकांची टेस्ट चांगलीच आहे, फक्त ती किती मोठी आहे ते माहीत हवं. सगळं वजन टोकावर आल्याने रूटला जे वाकवणं लागतं ते उडताना अंदाजे सव्वादोन जीला लागतं तेवढं. ६० डिग्री बँकचा लेव्हल टर्न घेतलात तर २ जी तिथेच झाले! म्हणजे ट्रेनरला (शिकायच्या विमानाला) किंवा कबला ठीक, एरोबॅटिकला ही टेस्ट फक्त मोठी चूक पकडेल, स्लीव्हचं गोंद सुटलेलं वगैरे. आणि पीळ यात तपासला जात नाही, तो वेगळा बघायचा, टिपची मागची कड हलकेच वर-खाली करून. उचलताना टँक भरलेली हवी आणि तळहात स्पारखाली (विंगच्या आतल्या मुख्य लांब पट्टीखाली), एलेरॉन (मागच्या कडेचा हलणारा भाग) धरून उचलाल तर बिजागरीच हातात येईल.

प्रश्न: अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब अडकते, तेल लावू का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: तेल विंगच्या बाल्सा लाकडात मुरतं आणि मग तिथे कुठलंच गोंद धरत नाही. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत ट्यूबवर पांढरी पावडर धरते, ती बारीक स्कॉचब्राइटने काढा, कोरड्या फडक्याने पुसा, वर मेणबत्ती हलकी घासा. तरी अडकली तर ट्यूब वाकलीय का बघा, सपाट काचेवर लोळवली की लगेच कळतं. वाकलेली असेल तर सरळ करत बसू नका, नवीन घ्या.