साहेब ओरडतात तेव्हा नेमकं काय दुखतं?

"काम जड नाही मॅडम. ऊन, पाऊस, बिनलिफ्टचे चार मजले, सगळं चालतं. फक्त तो माणूस नको." घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या मुलांकडून समुपदेशक म्हणून हे वाक्य मी थोड्याफार फरकाने कायम ऐकते. 'तो माणूस' कुणासाठी हबचा (पार्सलं जिथून वाटायला निघतात त्या गोदामाचा) इन्चार्ज असतो, कुणासाठी टीम लीडर, कुणासाठी ठेकेदाराचा सुपरवायझर. तक्रार मात्र ठरलेली: सगळ्यांसमोर बोलतो, गाडीवर असताना फोनवर फोन करतो, कॅश कमी भरली की पगारातून कापतो आणि उलट बोललं की दुसऱ्या दिवशी लांबचा रूट देतो.

प्रशांतची गोष्ट या सगळ्यांना लागू पडेल म्हणून सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय सव्वीस, राहायला भांडुपला, रूट पवई-चांदिवलीचा. बायकोने आग्रह धरला म्हणून आला. दोन नोकऱ्या सोडून झाल्या होत्या, तिसरीतही सुपरवायझर 'तसलाच' निघाला होता. "एक दिवस माझा हात उठेल," तो म्हणाला, आणि ही धमकी नव्हती. त्याला स्वतःचीच भीती वाटत होती.

सुरुवातीला मी त्याला फक्त एक वही ठेवायला सांगितली. तीन रकाने: सुपरवायझर किती वाजता बोलला, काय बोलला, आणि त्याला नेमकं काय हवं होतं. शब्द जसेच्या तसे लिहायचे, शिवीसुद्धा. तिसरा रकाना भरायला प्रशांतला सर्वांत जड गेलं. "त्याला काय हवं असणार, माझी इज्जत काढायची होती," असं त्याने आधी लिहिलं होतं. मी विचारलं, "तुम्ही काय केलं असतं तर तो त्या क्षणी गप्प झाला असता?" मग खरी उत्तरं यायला लागली: काल रात्रीची पेंडिंग पार्सलं आधी ने, कॅश लगेच भर, 'ग्राहक घरी नाही' असा रिमार्क टाक. आठवडाभराच्या नोंदींत या तीन मागण्यांपलीकडे फारसं काही नव्हतं. वेळाही दोनच होत्या. सकाळी लोडिंगच्या वेळी, कारण तेव्हा त्याला स्वतःला वरच्या साहेबांना पेंडिंगचा आकडा सांगायचा असतो. आणि रात्री कॅश क्लोजिंगला. दुपारी तोच माणूस चहा पाजत असे.

एवढ्याने राग उतरला नाही, उतरणारही नव्हता. खरं वळण पुढच्या भेटीत आलं. ते सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळं त्यातच आहे.

"सगळ्यांसमोर बोलला, म्हणून जास्त लागलं?"
"हो. एकट्यात बोलला असता तर ऐकून घेतलं असतं."
"सगळे म्हणजे कोण?"
"पोरं. पंधरा-वीस जण."
"ती काय करत होती?"
तो थांबला. "आपापली पार्सलं स्कॅन करत होती. बॅगा भरत होती."
"गेल्या आठवड्यात साहेब त्यांच्यापैकी कुणाला बोलले?"
"रोजच कुणाला ना कुणाला बोलतात."
"कुणाला काय बोलले, सांगा ना."
बराच वेळ तो आठवत राहिला. मग म्हणाला, "नाही आठवत." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणजे माझंही कुणाला आठवत नसेल?"

हा प्रश्न त्याचा त्यानेच विचारला, याचं मला मनापासून समाधान आहे. मी सांगितलं असतं तर ते पटलं नसतं.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझा भर असतो. तिचं म्हणणं असं की प्रसंग आणि आपली अवस्था यांच्यामध्ये आपलंच एक वाक्य उभं असतं. प्रशांतचं वाक्य होतं, "चारचौघांत बोलला म्हणजे माझी किंमत संपली." सुपरवायझरचं वागणं चुकीचं आहेच, ते योग्य ठरवण्याचा प्रश्न येत नाही. पण त्याच्या ओरडण्याला 'माझी किंमत संपली' हे शेपूट आपण जोडतो. ते जोडलं की दिवसभर डोकं तापलेलं राहतं. प्रशांतने त्याऐवजी स्वतःसाठी दुसरं वाक्य तयार केलं: "हा वाईट बोलतोय, मला आवडत नाहीये, आणि याला पेंडिंगचा आकडा हवाय." 'मला आवडत नाहीये' हा भाग मी मुद्दाम ठेवायला लावला. काही झालंच नाही असं मनाला समजावलं, तर ते मन मानत नाही.

वहीतून आणखी एक गोष्ट दिसली. ज्या दिवशी सकाळी बोलणी खाल्ली, त्या दिवशी रात्री हिशेबात घोळ. संतापलेला माणूस पार्सलं न मोजताच किक मारतो. हबमध्येच राहिलेलं पार्सल ॲपवर त्याच्या नावावर चढलेलं असतं. रात्री ते सापडत नाही, शॉर्टेज लागतं आणि पुन्हा ओरडा. म्हणून सकाळी कितीही बोलला तरी हातातली पार्सलं आणि ॲपवरचा आकडा जुळल्याशिवाय गेट सोडायचं नाही. टेप उघडलेलं किंवा चेपलेलं पार्सल दिसलं की तिथल्या तिथे फोटो काढून ग्रुपवर एक ओळ टाकायची: "या नंबरचं पार्सल फाटलेलं मिळालं." ती ओळ भांडणाच्या सुरात लिहायची नाही. रात्री कॅश भरताना कोणत्या नोटा किती ते चिठ्ठीवर लिहायचं, पावती किंवा स्क्रीनशॉट घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. ग्राहकाच्या कॅशमधून पेट्रोल भरणं अगदी बंद. संध्याकाळी एटीएममधून काढून भरू म्हणतात, ते राहून जातं आणि माणूस चोर ठरतो.

खोट्या रिमार्कबाबत मी फार आग्रही आहे. ग्राहकाला फोन न करता, दारात न जाता 'घरी नाही' टाकायला सांगितलं जातं, कारण साहेबांचा पेंडिंगचा आकडा सुधारतो. पण रिमार्क तुमच्या आयडीवरून जातो. ग्राहकाने तक्रार केली की कॉल आणि लोकेशन तपासलं जातं, आणि सांगणारा हात वर करतो. नकार कसा द्यायचा याचा प्रशांतने माझ्यासमोर मोठ्याने सराव केला. आधी त्याचं वाक्य होतं, "मी खोटी कामं करत नाही." यात साहेबांवर आरोप आहे, त्यामुळे भडका ठरलेला. शेवटी जे जमलं ते असं: "सर, पाच राहिलीत. सोसायटीत आठनंतर एन्ट्री नाही. उद्या पहिल्या फेरीत आधी हीच घेतो." आकडा, कारण, कधी करणार. आवाज खालचा, नजर समोर, आणि बोलून झालं की लगेच कामाला लागायचं. उत्तराची वाट बघत उभं राहिलं की वाद सुरू होतो.

गाडीवर असताना फोन आला तर उचलायचा नाही. चालवताना फोनवर बोलणं गुन्हा आहे आणि जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) तर जिवावरचा खेळ आहे. गाडी बाजूला लावून "गाडीवर होतो, बोला सर" एवढंच. रूट किंवा सुट्टीचं काही मागायचं असेल तर लोडिंग आणि क्लोजिंगच्या वेळा टाळून दुपारी अडीच-तीनला, एकट्यात.

हे सगळं सांभाळून घेण्यासारख्या माणसासाठी. अंगावर हात टाकणं, जातीवरून बोलणं, लायसन्स किंवा गाडीचे कागद अडकवून ठेवणं, कोऱ्या कागदावर सही मागणं, या गोष्टींवर समुपदेशन हा उपाय नाही. तिथे लेखी तक्रार, आणि गरज पडली तर पोलीस.

पगार कापण्याचंही तसंच. तुम्ही पगारावर असाल, ठेकेदारामार्फत का होईना, तर २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे दंड त्या कालावधीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. नुकसानीची कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त करता येत नाही. आणि दोन्हींआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. म्हणून "का कापले?" असं ओरडून विचारण्याऐवजी "कोणत्या पार्सलचे, किती, ते लिहून द्या" असं मेसेजवर मागा. पार्सलमागे पैसे घेणारे 'पार्टनर' असाल तर या तरतुदींवर विसंबता येत नाही. तिथे ॲपवरची तक्रार, तिचा नंबर आणि दर आठवड्याच्या हिशेबाचे स्क्रीनशॉट हाच आधार. ई-श्रम या असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी नसेल तर तीही करून घ्या.

झोप उडाली असेल, घरी मुलांवर हात उठत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

प्रशांत त्याच हबमध्ये आणखी काही महिने राहिला आणि मग दुसरीकडे गेला. साहेब बदलले नव्हते. या वेळी मात्र तो भांडून निघाला नाही. आधी सगळी कॅश भरून पावती घेतली, बॅग आणि ओळखपत्र परत केल्याचं लेखी घेतलं, आयडी बंद झाल्याची खात्री केली, कारण सुरू राहिलेल्या आयडीवर दुसऱ्याची पार्सलं चढू शकतात. राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब मिळायला हवा हेही त्याला माहीत होतं. पैसे अडकले असते तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, द्यायचा अर्ज त्याने आधीच लिहून ठेवला होता.