देवावर श्रद्धा आहे, पण घरचे घाबरतात. वैद्यकीय गरज असलेलं मूल दत्तक घ्यावं का?

आम्ही घेतलं. लेक सव्वा वर्षाची असताना घरी आली, दोन्ही पावलं आत वळलेली. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, ‘मागच्या जन्मीचे भोग असतील.’ मला फार लागलं ते.

दर आठवड्याला नवं प्लास्टर, मग टाचेमागच्या स्नायुबंधावर छोटासा छेद, मग दांडीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत रात्री झोपताना. हे बूट चुकवले की पाऊल पुन्हा वळू शकतं. म्हणून मनापासून सांगते, ‘देव बघून घेईल’ म्हणून बूट काढून ठेवू नका. आणि पुण्य मिळवायचं म्हणून मूल आणू नका, लेकराला ते कळतं.

आज रोज रात्री सासूबाईच तिची पावलं कोरडी करतात, टाचेवर लाल वळ उठलाय का बघतात, पट्टे आवळतात. तोंडाने हरिपाठ चालू असतो. एकदा तिला ताप आला, तर विठोबापुढे दिवा लावून रिक्षाही त्यांनीच बोलावली.

दत्तक घेण्यासाठी नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या, पोर्टलवर होते, धर्म कुठलाही असो. घरात आधीच दोन मुलं असतील, तर २०२२ च्या नियमांनुसार विशेष गरजा असलेलं किंवा सहज घर न मिळणारं मूलच घेता येतं. होकार देण्याआधी मुलाचा वैद्यकीय अहवाल तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि त्या भेटीला घाबरलेल्या माणसालाच सोबत न्या.