समवृत्ती वक्र अंदाजपत्रक रेषेला स्पर्श करतो तिथेच ग्राहकाचा समतोल का मानतात?

आकृती पाठ करू नका, अदलाबदलीचे दर बघा. समवृत्ती वक्र म्हणजे सारखेच समाधान देणाऱ्या दोन वस्तूंच्या जोड्या जोडणारी रेषा; समतोल म्हणजे खरेदी बदलून आणखी समाधान मिळत नाही ती जागा. समजा महिन्याला खाण्यासाठी ६०० रुपये आहेत. वडापाव २० रुपयांना, उसाचा रस ३० रुपयांना. म्हणजे फार तर ३० वडापाव किंवा २० ग्लास रस. या दोन टोकांना जोडणारी ती अंदाजपत्रक रेषा. एका ग्लासासाठी बाजार तुमच्याकडून दीड वडापाव मागतो, हाच तिचा उतार.

आता तुम्ही २४ वडापाव आणि ४ ग्लासांवर आहात. वडापावचा कंटाळा आलाय, आणखी एका ग्लासासाठी तुम्ही तीन वडापाव सोडायला तयार आहात. बाजार मागतो दीडच! मग रस वाढवण्यात सरळ फायदा आहे. जसजसा रस वाढेल तसतशी ही तयारी घटते (सीमांत पर्यायता दर घटतो, म्हणून वक्र आरंभबिंदूकडे बहिर्वक्र) आणि दीडवर आली की हलण्यात फायदा उरत नाही. तोच स्पर्शबिंदू. रेषेला छेदून जाणाऱ्या वक्रावर ही फायद्याची जागा शिल्लक असते, एवढाच फरक.

परीक्षेत बहुतेक जण एक गोष्ट विसरतात: स्पर्श ही सक्ती नाही. ज्याला पहिल्या ग्लासासाठीही अर्धाच वडापाव द्यावासा वाटतो, तो ३० वडापाव घेऊन मोकळा होईल. तिथे उतार जुळत नाहीत, तरी समतोल आहे. त्याला कोपऱ्यातला समतोल म्हणतात.

रस ४० रुपयांना झाला तर वडापावचे टोक ३० वरच राहते, रसाचे टोक १५ वर येते. रेषा समांतर सरकवू नका, ते उत्पन्न बदलल्यावर.