वाचकांचे प्रश्न : हॅरियर ईव्ही घ्यावी की बीई ६?

प्रश्न : गडहिंग्लजला माझे वर्कशॉप आहे आणि आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या बाजूला आमची काजूची बाग आहे. महिन्यातून तीन-चार वेळा हा घाट उतरणे-चढणे होते आणि बऱ्याचदा माझी ७६ वर्षांची आई बरोबर असते. जुनी डिझेल गाडी काढून चांगला पिकअप असलेली इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचे ठरवले आहे. टाटा हॅरियर ईव्हीचे चारही चाकांना ताकद देणारे क्यूडब्ल्यूडी मॉडेल आणि महिंद्रा बीई ६ चे ७९ किलोवॅट-तासांच्या बॅटरीचे मॉडेल, या दोहोंपाशी निर्णय अडला आहे. मुलाचा ओढा बीई ६ कडे आहे. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आपण हॅरियर ईव्ही क्यूडब्ल्यूडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र आपल्या मुलाची निवडही चुकीची नाही, हे आधीच सांगतो.

शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग गाठायला हॅरियर ६.३ सेकंद घेते आणि बीई ६ ६.७ सेकंद घेते, असे कंपन्या सांगतात. शोरूममध्ये या आकड्यांवर फार बोलले जाते, पण आपल्या रस्त्यावर हा फरक जाणवणारसुद्धा नाही. घाटात एसटीच्या मागे ३०-४० च्या वेगाने चाललेले असताना समोरचा रस्ता मोकळा दिसला की गाडीने तत्काळ साठ गाठावे आणि आपण परत आपल्या बाजूला यावे, एवढीच ताकदीची खरी गरज असते. गिअर बदलण्याची भानगड नसल्यामुळे हे काम दोन्ही गाड्या डिझेलपेक्षा कितीतरी सहज करतात.

खरा फरक ही ताकद रस्त्यापर्यंत कशी पोहोचते यात आहे. बीई ६ मध्ये २१० किलोवॅटची एकच मोटर मागच्या चाकांना फिरवते आणि तिचा टॉर्क (म्हणजे चाक फिरवण्याचा जोर) ३८० न्यूटन-मीटर आहे. हॅरियरच्या या मॉडेलमध्ये पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी असून दोन्हींचा मिळून टॉर्क ५०४ न्यूटन-मीटर आहे. कोरड्या डांबरावर मागच्या चाकांची गाडी उत्तम चालते, किंबहुना वळणावर ती चालवायला अधिक गोडी येते. प्रश्न येतो तो आपला पक्का रस्ता संपून बागेकडे जाणारी जांभ्याची वाट सुरू होते तेव्हा. गेल्या आषाढात अशाच एका चढावर मी दोनच चाकांना ताकद असलेली इलेक्ट्रिक गाडी घेऊन गेलो होतो. वर कुजलेला पाला आणि खाली साबणासारखी झालेली तांबडी माती. पेडल हलकेच दाबले तरी चाक जागेवर फिरे, यंत्रणा लगेच ताकद कापून टाकी आणि गाडी वर सरकण्याऐवजी वीतभर मागे येई. शेवटी चाकांखाली चिरे आणि झावळ्या घालून ती वर काढावी लागली. मागे म्हातारे माणूस बसलेले असताना हा अनुभव कोणालाही येऊ नये. चारही चाकांना ताकद असली की प्रत्येक चाकाला कमी जोर लावावा लागतो, त्यामुळे ते जागेवर फिरत नाही आणि अशी चढण बरीच सोपी होते. हॅरियरमध्ये चिखलासाठी वेगळा मोडही दिलेला आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी : चारही चाकांची ताकद गाडी पुढे न्यायला उपयोगी पडते, थांबायला नाही. या गाड्यांचे वजन दोन टनांच्या घरात असते, आणि ७० च्या वेगापेक्षा १०० च्या वेगाने धावणारी तीच गाडी थांबवताना ब्रेकना दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. म्हणून टायरची नक्षी झिजू लागली की पावसाळ्याआधी टायर बदलावेत. घाटाच्या माथ्यावर बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर उतारावर मोटरने वेग रोखण्याची सोय जवळजवळ मिळत नाही, कारण तयार झालेली वीज साठवायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. आंबोलीला मुक्काम करून सकाळी खाली उतरायचे असेल तर ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे.

आता आईंविषयी. बीई ६ चे छत मागे उतरते आहे, मागच्या खिडक्या लहान आहेत आणि बॅटरीमुळे तळ उंच झाल्याने मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात. मांडीला पूर्ण आधार मिळत नाही. दोन तासांच्या वळणावळणाच्या प्रवासात हे त्रासाचे ठरते. हॅरियर ४.६ मीटर लांब आहे, बीई ६ ४.३७ मीटर, मागच्या बाकावरचा मोकळेपणा हॅरियरमध्ये स्पष्ट जाणवतो. तिच्यात चढताना पाऊल थोडे उंच टाकावे लागते, तेवढी पायरी बसवून घ्यावी.

बाजारात आल्या तेव्हाच्या एक्स-शोरूम किमती हॅरियर क्यूडब्ल्यूडीची २८.९९ लाख आणि बीई ६ च्या वरच्या मॉडेलची २६.९० लाख अशा होत्या. आजची ऑन-रोड किंमत आणि चार्जर त्यात धरला आहे की नाही, हे लेखी घ्यावे. सुरक्षा चाचणीत दोन्हींना पाच तारे आहेत.

बुकिंगपूर्वी शहरातल्या चार गल्ल्यांमधल्या चकरेवर समाधान मानू नका. आईंना मागे बसवून निदान तासभर, शक्यतो आंबोलीच्याच रस्त्यावर गाडी मागा. त्या उतरताना दाराला धरून उभ्या राहिल्या की काय वाटले ते त्यांना विचारा.

प्रश्न : याच दोन गाड्यांमध्ये माझीही निवड अडली आहे. मी बहुतेक वेळा एकटाच नाशिक ते मुंबई समृद्धी महामार्गाने जातो-येतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण बीई ६ घ्यावी. कच्चा रस्ता नाही, मागे कोणी बसायचे नाही. मग दुसऱ्या मोटरचे वजन आणि पैसे कशासाठी वाहायचे? तिचे स्टिअरिंग अधिक चपळ आहे आणि आत बसल्यावर सगळी गाडी चालकाभोवती बांधल्यासारखी वाटते. मात्र चाचणीतल्या सहाशेहून जास्त किलोमीटरच्या रेंजवर हिशेब करू नका. १२० च्या वेगाला हवेचा विरोध ९० च्या वेगापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट असतो, त्यामुळे वेग तसाच ठेवला तर बॅटरी भराभर उतरते. १०० च्या आसपास ठेवलात तर एका चार्जिंगमध्ये जाऊन-येऊन होण्यास हरकत नाही. आणि काँक्रीटच्या त्या लांब रस्त्यावर उन्हाळ्यात निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, हवा तपासून घ्या.