मान आखडली असताना सर्वांगासन? माझं उत्तर

मुख्य परीक्षेच्या लेखनसरावाने मान दगडासारखी झालीय, श्वास पुरत नाहीसं वाटतं, आणि योगाच्या क्लासवाले सर्वांगासन (खांद्यांवर भार देऊन पाय सरळ वर) करायला सांगतायत, करू का, असं तू विचारलंयस. नको करूस.

सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसायचो तेव्हा मीही एका योगवर्गाला जायचो. नाव घेत नाही. मान दुखते हे प्रवेश घेतानाच सांगितलं होतं. त्यावर गुरुजी म्हणाले, "रक्तपुरवठा वाढला की सुटेल." मग सर्वांगासन, लगेच हलासन (तेच पाय डोक्यामागे जमिनीला टेकवायचे), आणि खांद्यांखाली घोंगडीची घडी द्यायची तसदीही नाही. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर मान अशी धरली की उत्तरपत्रिकेतले गोल भरायला खाली बघवेना. फी परत मागितली, तर म्हणे तुमची श्रद्धाच कमी पडली! पैसे घेताना श्रद्धा मोजली नव्हती.

असो. ताण आला की आपण छातीच्या वरच्या भागाने श्वास घेतो, आणि वरच्या फासळ्या उचलायला मानेचे स्नायू राबतात. पाचेक किलोचं डोकं वहीवर झुकलेलं, त्यात ही जादा ड्यूटी. म्हणून माझ्या मते सुरुवात मानेपासून नाही, श्वासापासून कर. उताणा पड, गुडघे दुमड, हात पोटावर. चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास झाले. कोंडून धरायचा नाही. भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं, तीही छान, फक्त अभ्यासिकेत नको, शेजारचा उठून मारेल.

मग ब्रह्ममुद्रा. ताठ बसून मान सावकाश उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, दर वेळी मध्यावर येऊन. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेच्या परंपरेत ही शिकवतात. दुखेल तिथे थांब. मान गरागरा फिरवणं मला तरी पटत नाही.

कपालभाती, म्हणजे पोटाला झटके देत भराभर श्वास सोडणं? रक्तदाब किंवा हर्निया असेल तर नाहीच. नसेल तरी आधीच धडधडत असताना कशाला?

मी डॉक्टर नाही. हाताला मुंग्या येत असतील, पेन निसटत असेल, तर हे सगळं सोड आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आणि पुस्तक सपाट ठेवू नकोस. तिरका स्टँड घे, नाहीतर खाली दोन जाड गाइडं लाव. न वाचलेली असतीलच.